कोरड्या मुलखातील पाण्याची बेटे : कंधार, औसा आणि उदगीर

चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा तुकडा म्हणजे बेट, ही व्याख्या शालेय भूगोलात प्रत्येकाने पाठ केलेली असते. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत समुद्र नाही. त्यामुळे बेट पाहायचे तर कोकण गाठावे लागते, असाच आपल्याकडील पर्यटकांचा समज असतो. सुटी लागली की जंजिरा, सिंधुदुर्ग किंवा घारापुरीचे बेत आखले जातात. मात्र नांदेडपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर कंधारच्या भुईकोट किल्ल्याभोवती जो खंदक आहे, त्यात आजही पाणी साठते. तटावर उभे राहून खाली पाहिले, तर व्याख्येतले बेट डोळ्यांसमोर असते. हे बेट मानवनिर्मित आहे, एवढाच काय तो फरक.

कंधारच्या जोडीला लातूर जिल्ह्यातील औसा आणि उदगीर हे दोन किल्लेही खंदकाने वेढलेले आहेत. तिन्ही किल्ले भुईकोट, तिन्ही तालुक्याच्या गावात आणि तिन्ही एसटीने सहज गाठता येण्याजोगे. गडावर जायचे म्हणजे चढाईची दमछाक ठरलेली. या किल्ल्यांना ती अट नाही. लहान मुले आणि वयोवृद्ध मंडळींना सोबत घेऊन दोन दिवसांत ही तिन्ही ठिकाणे पाहता येतात. त्यांची ओळख, काय पाहावे, कसे जावे आणि जाताना काय ध्यानात ठेवावे, याचा हा परिचय.

पाण्याचा तट

सह्याद्रीत किल्ल्याचे निम्मे काम डोंगर करतो. ताशीव कडा, एखादीच अवघड वाट आणि माथ्यावर मोजकी शिबंदी एवढ्यावर गड लढतो. बालाघाटच्या पायथ्याशी पसरलेल्या सपाट काळ्या जमिनीत हा आधार मिळत नाही. येथे शत्रू चारही दिशांनी थेट तटापर्यंत येऊ शकतो. म्हणून भुईकोट बांधताना तटाच्या बाहेर रुंद आणि खोल खंदक खणला जाई. खंदकातून निघालेला दगड व मुरूम बांधकामाला उपयोगी पडे आणि खंदकात पाणी सोडले की किल्ला आपोआप बेट होई.

पाण्याने भरलेल्या खंदकाचे काम अनेकपदरी होते. शिड्या तटाला लावता येत नसत. हत्तींना दरवाजावर धडक देण्याइतकी जागा मिळत नसे. तटाच्या पायाखाली सुरुंग खणायचा तर आधी पाण्याची वाट लावावी लागे. तोफा आल्यानंतर खंदकाची रुंदी वाढली, तटांची उंची थोडी कमी होऊन जाडी वाढली आणि मुख्य तटाबाहेर दुसरा बुटका तट उभा राहिला. या बाहेरच्या तटाला पडकोट म्हणतात. तिन्ही किल्ल्यांत खंदक, पडकोट आणि मुख्य तट हा क्रम थोड्याफार फरकाने दिसतो. तो एकदा समजून घेतला की पुढचा किल्ला वाचणे सोपे जाते.

कंधार : राष्ट्रकूटांची नगरी

मन्याड नदीच्या काठी वसलेले कंधार आज तालुक्याचे गाव आहे. हजार वर्षांपूर्वी त्याचा मान फार मोठा होता. वेरूळचे कैलास लेणे खोदविणाऱ्या राष्ट्रकूट घराण्याशी या गावाचे नाव जोडलेले आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. त्याच घराण्यातील तिसरा कृष्ण (इ. स. ९३९ ते ९६७) याला ‘कंधारपुरवराधीश्वर’ असे बिरुद होते आणि कंधारच्या किल्ल्याची मूळ उभारणी त्याच्याच काळातील मानली जाते. म्हणजे दक्षिणेतील एका बलाढ्य राजवंशाच्या बिरुदांत लातूर आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे कोरले गेले आहेत. या भागातील किती शाळकरी मुलांना हे ठाऊक असेल, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारावा.

कंधार येथे सापडलेल्या कृष्णकालीन शिलालेखात नगरीतील देवालये, मंडप आणि दानधर्माची माहिती येते. ‘जगत्तुंग समुद्र’ या जलाशयाचा उल्लेखही याच काळातला. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद. तळ्याला समुद्र म्हणण्याची रीत जुनी आहे आणि कोरड्या मुलखात ती अतिशयोक्ती वाटत नाही. हा जलाशय आजही कंधार परिसरात आहे. किल्ला पाहायला येणाऱ्याने तो पाहिल्यावाचून परतू नये, कारण किल्ला, नदी आणि तलाव या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तरच या गावाची बसकण ध्यानात येते.

राष्ट्रकूटांनंतर सत्ता बदलत गेल्या. तुघलक, बहमनी, अहमदनगरची निजामशाही, मोगल आणि अखेरीस हैदराबादचे निजाम अशी ही परंपरा १९४८ पर्यंत चालली. आज दिसणारे तट आणि बुरूज बहुतांशी तोफांच्या युगातले आहेत. त्यामुळे एकाच आवारात प्राचीन शिल्पे, जैन मूर्ती, मशीद आणि फारसी व अरबी शिलालेख यांचा सहवास पाहायला मिळतो.

या किल्ल्याच्या इतिहासातील सर्वांत नाट्यमय प्रसंग १६३१ चा. शहाजहान बादशहाचा सरदार नसीरीखान याने कंधारला वेढा घातला. तो चार महिन्यांहून अधिक काळ चालला. मोगलांनी सुरुंग लावून तटाला खिंडारे पाडली, तेव्हा कुठे निजामशाही किल्लेदाराने किल्ला स्वाधीन केला. अफगाणिस्तानातील कंदाहारशी घोटाळा होऊ नये म्हणून इतिहासकार याला दख्खनचे कंधार म्हणतात. शहाजहानच्या कारकिर्दीचा सचित्र वृत्तांत असलेल्या ‘पादशहानामा’ या ग्रंथात या वेढ्याचे चित्र आहे. ती प्रत आज इंग्लंडमधील विंडसर येथील राजसंग्रहात आहे. आपल्या तालुक्याच्या गावाचे चित्र साता समुद्रापलीकडे जतन होऊन राहिले आहे, ही बाब कंधारकरांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे.

या वेढ्याला आणखी एक पार्श्वभूमी आहे. १६३० ते १६३२ ही वर्षे दख्खनच्या भीषण दुष्काळाची होती. संत तुकाराम महाराजांचे घर उद्ध्वस्त करणारा हाच तो दुष्काळ. पाऊस पडला नाही, धान्य संपले, गावे ओस पडली. अशा काळात किल्ल्याच्या आत विहिरींना पाणी असणे म्हणजे तोफांइतकेच मोठे बळ. खंदकाकडे पाहताना ही गोष्ट आठवली की त्यातल्या पाण्याचा रंगच पालटतो.

कंधारला काय पाहाल?

*खंदक आणि तट.* किल्ल्यात शिरण्यापूर्वी बाहेरून खंदकाच्या काठाने शक्य तेवढी फेरी मारावी. सकाळी लवकर गेल्यास तटाचे पाण्यातील प्रतिबिंब स्पष्ट दिसते. पाणपक्षी पाहण्याची आवड असणाऱ्यांनी दुर्बीण सोबत ठेवावी. छायाचित्रकारांसाठी सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि मावळतीपूर्वीचा शेवटचा तास उत्तम.

*दरवाजे आणि देवड्या.* खंदक ओलांडून आत गेल्यावर एकामागून एक दरवाजे लागतात. वाट सरळ न नेता वळणे देत नेलेली आहे. धावत आलेल्या शत्रूचा जोर वळणावर मोडावा आणि वरून त्याच्यावर मारा करता यावा, हा त्यामागील हेतू. दरवाजाच्या आतील बाजूस पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. कमानींवरील अक्षरांकडे लक्ष द्यावे. फारसी वाचता येत नसले, तरी दगडावर इतकी नेटकी अक्षरे कोरणाऱ्या कारागिराचा हात ओळखता येतो.

*बुरूज आणि फांजी.* तटाच्या माथ्यावरील चालण्याच्या वाटेला फांजी म्हणतात. तटाच्या माथ्यावरील दातेरी चर्या आणि बंदुकीसाठी ठेवलेल्या तिरप्या जंग्या मुलांना मुद्दाम दाखवाव्यात. बुरुजावरून एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला शिवार आणि खाली पाण्याचा पट्टा असे दृश्य दिसते. फांजीवर सर्वत्र कठडा नाही. मुलांचा हात सोडू नये.

*आतील इमारती.* राणी महाल, लाल महाल अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूंचे अवशेष, मशीद, कोठारे आणि विहिरी आत आहेत. परिसरात सापडलेली शिल्पेही येथे पाहता येतात. हजार वर्षांपूर्वीची तीर्थंकराची मूर्ती आणि चारशे वर्षांपूर्वीचा तोफेचा बुरूज यांत काही पावलांचेच अंतर आहे.

*क्षेत्रपाल.* कंधारचे सर्वांत विस्मयकारक वैभव किल्ल्याबाहेर आहे. गावालगत मानसपुरी शिवारात क्षेत्रपालाच्या एका महाकाय मूर्तीचे भग्न अवशेष सापडले. पाऊल, गुडघा, हात असे सुटे भाग पाहूनच मूर्तीच्या मूळ आकाराची कल्पना करावी लागते. ती पन्नास ते साठ फूट उंच असावी, असा अंदाज केला जातो. एका पावलाशेजारी माणूस उभा राहिला की आकडे सांगण्याची गरज उरत नाही. नगरीच्या सीमेचे रक्षण करणारी ही देवता स्वतःच भग्न होऊन पडली आहे.

*दर्गा.* हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा हे कंधारचे आणखी एक श्रद्धास्थान. उरसाच्या काळात येथे सर्व धर्मांचे भाविक येतात. डोके झाकून आणि पादत्राणे बाहेर काढून आत जावे.

कंधार नीट पाहायचे तर किमान चार तास हाताशी हवेत. त्यातील दोन किल्ल्यासाठी आणि उरलेले जगत्तुंग समुद्र, क्षेत्रपाल व दर्गा यांसाठी.

औसा : जवळ गेल्यावाचून न दिसणारा किल्ला

लातूरहून तुळजापूरच्या रस्त्याला लागले की सुमारे वीस किलोमीटरवर औसा येते. बहुतेक प्रवासी येथे चहा घेऊन पुढे जातात आणि शेजारी एवढा मोठा किल्ला आहे, हे त्यांच्या गावीही नसते. याला कारण किल्ल्याची जागा. औशाचा किल्ला खोलगट भागात बांधलेला असून भोवतालची जमीन उंच आहे. त्यामुळे आतील उंच बुरुजावरील पहारेकऱ्याला दूरवरून येणारी फौज दिसे. त्या फौजेला मात्र किल्ल्याचा बराचसा भाग जवळ येईपर्यंत दिसत नसे. सखल जागा निवडण्याचा दुसरा फायदा पाण्याचा. भोवतालच्या उतारांवरून पावसाचे पाणी आपसूक किल्ल्याकडे वाहत येते.

किल्ला जवळपास चौरस आकाराचा आहे. त्याला दुहेरी तट असून बाहेरचा खंदक सुमारे १२० फूट रुंद आहे. बहमनी, निजामशाही, आदिलशाही अशा दख्खनच्या सत्तांमध्ये औशाची मालकी फिरत राहिली. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याच्या काळात औशाला विशेष महत्त्व होते. १६३६ मध्ये खानदौरान या मोगल सरदाराने उदगीरपाठोपाठ औसाही जिंकून घेतला.

औशाला आवर्जून पाहाव्यात त्या विहिरी. पायऱ्यांनी खाली उतरत पाण्यापर्यंत जाणाऱ्या बारवा आणि त्यांच्या सोबतच्या थंडगार खोल्या उन्हाळ्यात राहण्यासाठी किती उपयोगी असतील, हे भर दुपारी तेथे उतरल्यावर कळते. बुरुजांवरील तोफा हे दुसरे आकर्षण. तोफेच्या तोंडाशी केलेले प्राण्याच्या मुखाचे नक्षीकाम, कानाजवळची फुले आणि कोरलेली अक्षरे सावकाश पाहावीत. घाईने छायाचित्र काढून निघून जाणाऱ्यांच्या हाती यातले काही लागत नाही.

गावातील नाथ संस्थान आणि तेथील चक्री भजनाची परंपरा वारकरी संप्रदायात परिचित आहे. भजन करताना गोलाकार फिरण्याची ही पद्धत औशाची खूण मानली जाते. वेळ असेल त्यांनी औसा तालुक्यातीलच खरोसा लेणी पाहावीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने ज्या किल्लारीचे नाव सर्वदूर गेले, ते गावही याच तालुक्यात आहे. तेथील स्मृतिस्थळी थांबून दोन मिनिटे स्तब्ध उभे राहणे, हेही या प्रवासाचा भाग व्हावे.

उदगीर : विजयाचे नाव

उदगीर हे नाव मराठी माणसाने पानिपतच्या संदर्भात ऐकलेले असते. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने निजामाचा निर्णायक पराभव केला. उदगीरहून औशाच्या दिशेने सरकणाऱ्या निजामी फौजेला मराठ्यांनी घेरले आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने आपले काम चोख बजावले. तहात दौलताबाद, असीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर अशी ठाणी आणि साठ लाखांचा मुलूख मराठ्यांच्या पदरात पडला. याच विजयानंतर भाऊंवर उत्तरेच्या मोहिमेची जबाबदारी आली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत घडले, तेव्हा उदगीरच्या विजयाला अद्याप वर्षही पुरे झाले नव्हते. किल्ल्याच्या दरवाजातून आत जाताना ही दोन नावे एकत्र आठवल्यावाचून राहत नाहीत.

गावाचे नाव उदागीर महाराजांवरून पडले, असे सांगितले जाते. त्यांची समाधी किल्ल्याच्या आवारात, जमिनीच्या पातळीच्या बरीच खाली आहे. आजही भाविक दर्शनासाठी तेथे उतरतात. किल्ला पाहायला येणाऱ्या पर्यटकांपेक्षा समाधीला येणारे गावकरी अधिक. त्यामुळे उदगीरचा किल्ला ओस वाटत नाही. जिवंत गावाचा तो एक भाग वाटतो.

किल्ल्याभोवती सुमारे चाळीस फूट खोल खंदक आहे. आत महाल, दरबाराच्या जागा, कमानींची दालने आणि अरबी-फारसी शिलालेख आहेत. १६३६ च्या वेढ्यात सिद्दी मिफ्ताह या किल्लेदाराने मोगलांशी दीर्घ झुंज दिली. हे नाव लक्षात ठेवण्याजोगे. आफ्रिकेतून दख्खनमध्ये आलेले हबशी सरदार केवळ जंजिऱ्यापुरते नव्हते, त्यांनी मराठवाड्यातील किल्लेही लढवले.

अलीकडच्या काळात २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीर येथे झाले, तेव्हा राज्यभरातून आलेल्या रसिकांना या किल्ल्याची ओळख झाली.

पाण्याचे गणित

तिन्ही किल्ले पाहून झाले की मनात एकच प्रश्न उरतो. ज्या भागात दर काही वर्षांनी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे किल्ल्यांभोवती पाणी राखणे त्या काळच्या लोकांना कसे साधले?

उत्तर तिन्ही ठिकाणी जमिनीवर लिहिलेले आहे. कंधारला नदी आणि तलाव यांच्या सान्निध्यात किल्ला बसवला. औशाला सखल जागा निवडून भोवतालचा उतार कामाला लावला. उदगीरला खंदक खोलवर नेला. साठलेले पाणी जमिनीत मुरते आणि आसपासच्या आडांना, विहिरींना पाझर फुटतो, हे शेतकऱ्याला आजही सांगावे लागत नाही. म्हणजे शत्रूला अडवणारा खंदक शांततेच्या काळात पाणी जिरवण्याचेच काम करीत असणार. सिंधुदुर्गाच्या बेटावर खाऱ्या समुद्राच्या मधोमध दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून आपण थक्क होतो. कोरड्या मुलखात पाण्याचे वलय टिकवणे हे कर्तृत्वही त्याच तोलाचे आहे.

या प्रश्नाला आजच्या काळाचा चटका आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराची तहान भागवणारे मांजरा धरण कोरडे पडले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ‘जलदूत’ नावाची ही गाडी पुढे पावसाळ्यापर्यंत फेऱ्या मारीत राहिली. शेकडो किलोमीटरवरून रुळांवर पाणी आणण्याची वेळ ज्या शहरावर आली, त्याच शहराचे नाव आपल्या बिरुदात मिरवणाऱ्या राजांनी कंधारला तळ्याला समुद्र म्हटले होते. कंधारची मन्याड पुढे याच मांजरेला मिळते. नदी तीच, खोरे तेच. फरक पडला तो पाणी अडवण्याच्या आणि जपण्याच्या सवयीत.

खंदक गाळाने भरला, त्यात कचरा पडू लागला, पाणी येण्याच्या वाटा बांधकामांनी बुजल्या की बेटाचे बेटपण संपते. उरतो तो एक मोठा खड्डा आणि पडका तट. म्हणून या किल्ल्यांचे जतन म्हणजे केवळ दगडांची डागडुजी नव्हे. कंधारच्या खंदकात पाणी आहे तोवर शेजारच्या दोन तालुक्यांना दाखवायला एक जिवंत उदाहरण आहे. ते गमावले तर पुढच्या पिढीला हे सारे पुस्तकातून सांगावे लागेल.

प्रवासाची आखणी

*कसे जाल?* बाहेरगावच्या पर्यटकांनी नांदेड किंवा लातूर हे मुक्कामाचे ठिकाण धरावे. दोन्ही शहरे रेल्वेने जोडलेली आहेत. नांदेडहून कंधारसाठी एसटी बस मिळते. स्वतःचे वाहन असल्यास नांदेड–लातूर रस्त्यावरील लोहा येथून कंधारकडे वळावे. लातूर–औसा हे अंतर सुमारे वीस, तर लातूर–उदगीर सुमारे पासष्ट किलोमीटर आहे. उदगीरला रेल्वे स्थानक आहे. कंधारहून जांब, जळकोट या मार्गाने थेट उदगीरला जाता येते.

*दोन दिवसांचा बेत.* पहिल्या दिवशी सकाळी नांदेडहून निघून कंधार पाहावे, दुपारी उदगीरकडे निघून संध्याकाळी किल्ला आणि समाधीचे दर्शन घ्यावे व लातूरला मुक्कामाला यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी औसा, दुपारी खरोसा लेणी व किल्लारी. तिसरा दिवस हाताशी असेल, तर सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग गाठावा. बोरी नदीवर बांधलेला बांध आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल पाहिला की पाण्याचा हा प्रवास पूर्ण होतो.

*कधी जाल?* पावसाळा ओसरल्यानंतर, गणपती उठल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पाऊस पुरेसा झालेल्या वर्षी खंदक याच काळात भरलेला दिसतो. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. तिची वेळ साधल्यास दुहेरी लाभ, मात्र त्या दिवसांत रस्त्यावर गर्दी असते. एप्रिल-मेमधील उन्हाचा तडाखा टाळावा.

*सोबत काय न्याल?* पिण्याचे पाणी, टोपी, घट्ट पकडीचे बूट आणि अंधाऱ्या खोल्यांसाठी विजेरी. किल्ल्यांच्या आत खाण्यापिण्याची सोय गृहीत धरू नये. गवत वाढलेल्या जागी काठी आपटत चालावे. पडक्या छतांखाली फार वेळ थांबू नये. हा भूकंपाचा अनुभव घेतलेला प्रदेश आहे, हे ध्यानात असावे. खंदकात किंवा बारवेत पोहण्याचे धाडस कोणीही करू नये. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याच्या तळाशी गाळ असतो.

*काय खाल, काय आणाल?* लातूर भागात निलंगा राइसच्या गाड्या ठिकठिकाणी दिसतात. जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परतताना डाळ व चिंच घरी आणण्याजोगी आहे.

पाहुण्याचे कर्तव्य

तिन्ही किल्ल्यांत एक दृश्य मन विषण्ण करते. शतकानुशतके टिकलेल्या दगडांवर खडूने, रंगाने, काही ठिकाणी टोकदार वस्तूने कोरलेली नावे. शिलालेख कोरणाऱ्याने आपल्या काळाची साक्ष मागे ठेवली. आपण तिच्यावर आपले नाव गिरवून काय साधतो? कागद व प्लास्टिकच्या पिशव्या आपल्याबरोबर परत न्याव्यात. दर्गा असो वा समाधी, तेथील रीत पाळावी. गावातील जाणकार वयस्कर मंडळींशी बोलावे. खंदकाला पूर्वी पाणी कोणत्या वाटेने येत असे, कोणत्या दुष्काळात कुठली विहीर आटली आणि कोणती टिकली, हे तेच सांगू शकतात. शाळांनी सहली काढताना एखादा दिवस या किल्ल्यांसाठी राखावा आणि मुलांना तोफेबरोबर खंदकही दाखवावा.

समुद्रातले बेट भरती-ओहोटीच्या भरवशावर उभे असते. मराठवाड्यातील ही बेटे माणसाच्या दक्षतेवर उभी आहेत. पाऊस पडेल त्या वर्षी ती पुन्हा पाण्याने वेढली जातात, मात्र त्यासाठी पाण्याची वाट मोकळी असावी लागते. येत्या हिवाळ्यात एखाद्या रविवारी सकाळी कंधारच्या तटावर जाऊन उभे राहावे. खालच्या पाण्यात आकाश दिसते आहे का, एवढे पाहून घरी परतले तरी सहल सार्थकी लागेल.